मोजणी शून्यावर येत नाही

जळगाव
३ नोव्हेंबर २०२५

प्रशील,

जय भीम. कागदावर लिहितेय, कारण दुसरा रस्ता तू शिल्लक ठेवलेला नाहीस. फोन लागत नाही, मेल परत येतो, आणि आईला म्हटलं की फोन जरा त्याच्याकडे दे, तर ती म्हणते, "तो बोलाले तयार नही, मी काय करू?" मी धुळ्याला आले की नेमका तुझा देवपूरचा क्लास लांबतो. तीन वर्षं क्लास लांबतोय. कसली मुलं शिकवतोस, त्यांना घरदार नाही का?

माफीबिफी मागायला लिहीत नाहीये, आधीच सांगते. काम आहे.

चेंबर चालवणाऱ्या आपल्या कंट्रोलरच्या डब्याचं नेटवर्क मी कर्नलमधून, त्याच्या मूळ प्रोग्रॅममधून, वेगळं काढतेय. हो, तेच. कंपनीत लागल्या दिवसापासून तू ज्यासाठी माझं डोकं खात होतास आणि मी "हातातल्या ऑर्डरी संपू देत, मग बघू" म्हणत होते, तेच. हस आता. केळी पिकवणाऱ्या चाळीस नव्या रायपनिंग चेंबरची ऑर्डर आहे, सावद्यापासून मुक्ताईनगरपर्यंत. रोज पहाटे डबा आपोआप बंद-चालू करायचा आपला खाक्या त्यांना नको आहे. नेटवर्कमध्ये काहीही बदला, पण डबा बंद पडता कामा नये, ही त्यांची अट. चंदन सरांनी केबिनमध्ये बोलावून विचारलं, "प्रज्ञा, होईल का?" मालकाला नाही म्हणायची मला सवय नाही, तुला माहीत आहे.

त्यांना जसं समजावलं तसंच इथे लिहिते. तुला गरज नाही, मला आहे. लिहायला बसलं की कळतं आपल्याला कितपत कळलंय. "सर, कर्नल म्हणजे डब्याचा कारभारी. चेंबरमध्ये गॅस किती सोडायचा, कोंदलेली हवा बाहेर फेकणारा पंखा कधी लावायचा, आता माणसाने आत जायला हरकत नाही असा दारावरचा हिरवा दिवा कधी लावायचा, सगळं तोच बघतो. बाहेरच्या जगाशी निरोपांची देवघेव करणारं नेटवर्कही आपण त्याच्याच पोटात कोंबलंय. त्यातली एक ओळ बदलायची तर कारभाऱ्याला झोपवून पुन्हा उठवावं लागतं. आणि नेटवर्क आजारी पडलं तर कारभारीही आडवा होतो. ते वेगळं मॉड्यूल केलं, की चालत्या डब्यातून जुनं काढायचं, नवं घालायचं, पंखा फिरतच राहील." सर म्हणाले, "मग हे आधीच का नाही केलं?" मी टेबलावरचं पाणी प्यायले.

घालणं जमलंय. काढणं जमत नाही. आठ दिवस झाले, मी खुर्चीवर पाच मिनिटं धड बसत नाही. जे मुळात कधी निघणारच नव्हतं, ते लिहिताना निघायचं कसं याचा विचार आपण कशाला करू? तू केला होतास. तुझ्या एका वहीत काढायचा क्रम होता. त्या पानाची झेरॉक्स पाठव, मूळ नको.

आणि कौतिकभाऊंकडचं प्रकरण यात आणू नकोस. मुक्ताईनगरला त्यांच्या चेंबरमध्ये त्यांचा कामगार गिरधर बेशुद्ध पडला, रिपोर्टमध्ये तुझं नाव आलं, तू राजीनामा टेबलावर ठेवून धुळ्याला निघून गेलास. रिपोर्ट मी लॉगवरून लिहिला. कोणती ओळ कोणाच्या नावाने, किती वाजता आत गेली, हे लॉग सांगतो, मी नाही.

बाजारात भरताची वांगी आलीत. आईला गुडघ्यावर लावायचं तेल हवंय का विचार.

प्रज्ञाताई


जळगाव
११ नोव्हेंबर

प्रशील,

तुझा कागद मिळाला. ना जय भीम, ना ताई, ना तारीख. चार ओळी. मालक कामगाराला चिठ्ठी धाडतो तशा. पण अक्षर तुझंच होतं. आधी मी ते अक्षरच बघत बसले आणि मजकूर नंतर वाचला. हे तुला सांगायचं नव्हतं.

पहिली ओळ, नवे निरोप घेणं आधी बंद कर. हे मी केलं होतं, एवढी ढ नाही. दुसरी, टायमर थांबव, आणि तो खरोखर थांबेपर्यंत तिथेच उभी राहा. इथे माझी जिरली. मी टायमरला थांब म्हणायची आणि लगेच मॉड्यूल काढायची. तो दोन सेकंदांनी उठायचा, आपल्या माणसाला हाक मारायचा, आणि माणूस घर सोडून गेलेला. डबा आडवा. सोमवारपासून हे सतरा वेळा झालं आणि सतरा वेळा मी वायरिंगला शिव्या दिल्या. नाचता येईना, अंगण वाकडं.

तिसरी ओळ, ज्याने ज्याने नेटवर्कचं काही धरून ठेवलंय त्याला सोडायला लाव. तेही केलं. आता डबा आडवा होत नाही. आता तो सरळ नकार देतो. कर्नल मोजून सांगतो की अजून एकजण धरून आहे, शून्य होईपर्यंत काढता येणार नाही. कोण धरून आहे ते सांगत नाही. चांगलं टेबलावर तीन तास चालवून बघितलं तर मोजणी दोनवर. रात्रभर चालवलं, सकाळी अकरावर. वाढतेय. चंदन सर दारातून डोकावतात, मी हसून मान हलवते, ते जातात. त्यांनी घेणाऱ्यांना जानेवारीची तारीख देऊन टाकली आहे.

आणि तुझी चौथी ओळ. "मोजणी शून्यावर येत नसेल तर कोणीतरी घेतलेलं परत केलेलं नाही. चुकीचं पॅकेट नाकारतो तो भाग तपास."

तोच भाग का रे? नेटवर्कमध्ये नऊ हजार ओळी आहेत. तू तीन वर्षं त्यांच्याकडे बघितलेलं नाहीस आणि धुळ्यात बसून बोट ठेवतोस ते नेमकं तिथेच. मी उघडून बघितलं. बाहेरून आलेला निरोप, म्हणजे पॅकेट, वेडावाकडा असला तर नाकारणाऱ्या सहा-सात ओळी आहेत, जुन्या, तुझ्याच नावावर. म्हणजे तुझीच चूक तू मला शोधायला सांगतोयस. बरं झालं, निदान मान्य तरी केलंस, असं म्हणून मी फाईल बंद केली आणि गच्चीवर फेऱ्या मारल्या. शेजारच्या ताईबाई कपडे वाळत घालत होत्या. म्हणाल्या, "काय हरवलं का मॅडम?" मी म्हटलं, काही नाही.

उद्या नीट बघते.

प्रज्ञाताई


१३ नोव्हेंबर

प्रशील,

सापडलं. मोजणी शून्यावर आली, मॉड्यूल निघालं, नवं बसलं, पंखा एकदाही अडखळला नाही. चंदन सरांनी कचोऱ्या मागवल्या. मी एकही खाल्ली नाही.

आज एवढंच लिहिता येतंय.

प्रज्ञा


जळगाव
२० नोव्हेंबर

प्रशील,

सात दिवसांत तीन पत्रं लिहून फाडली. हे फाडणार नाही, म्हणून सरळ लिहिते.

ती ओळ तुझ्या नावावर आहे. वेळ आहे १४ एप्रिल २०२२, संध्याकाळी सहा वाजून चाळीस मिनिटं. त्या वेळी तू भीमजयंतीच्या मिरवणुकीत होतास. साक्षीला अर्धं धुळं आहे. आणि मी घरी, पांढरी साडी नेसून, तुझ्या लॅपटॉपसमोर बसले होते, कारण माझ्याचा चार्जर मी जळगावला विसरले होते.

कौतिकभाऊंचा फोन आला होता. त्यांनी बसवलेला नवा सेन्सर वेडीवाकडी पॅकेटं पाठवतोय आणि डबा सारखा ओरडतोय म्हणून. मिरवणूक चौकात पोहोचली होती, घरापर्यंत ढोल ऐकू येत होता. मी म्हटलं दोन मिनिटांचं काम आहे. आकार चुकला तर पॅकेट नाकार आणि मागे फिर, एवढंच लिहिलं, तुझ्याच लॅपटॉपवरून आत टाकलं आणि पायात चपला सरकवल्या.

मागे फिरताना घेतलेली जागा परत द्यायला विसरले. पॅकेट ठेवायला कर्नलकडून मेमरीतल्या जागेचा तुकडा घ्यायचा, काम झालं की परत करायचा. पहिल्या वर्षाच्या पोरालाही मी हे बजावते. माझी ओळ दर चुकीच्या पॅकेटमागे एक तुकडा घेऊन बसायची. कोणी मोजत नव्हतं, कारण नेटवर्क कधी काढायचंच नव्हतं. पंचवीस दिवस ते साचत गेलं. ९ मेला जागा संपली. नेटवर्क जागेसाठी थांबलं, कर्नल नेटवर्कसाठी थांबला, पंखा लावायचा हुकूम सुटलाच नाही. दारावरचा दिवा मात्र आधीच्या फेरीपासून हिरवाच राहिला. गिरधर तो बघून आत गेला. खोलीत केळ्यांनी सोडलेली कोंदट हवा. क्रेटपर्यंत पोहोचायच्या आधी तो पडला, आणि पडताना मनगट मोडलं. बाहेरच्या माणसाने आवाज ऐकला म्हणून वाचला.

हे सगळं मी तुला का सांगतेय? तुला माहीत आहे. तुझ्या चौथ्या ओळीवरून कळलं की केव्हापासून माहीत आहे.

आता अपघातानंतरची ती मीटिंग. तू सगळ्यांसमोर म्हणालास, "ताई, चौदा तारखेला माझ्या लॅपटॉपवर तू बसली होतीस." आणि मी म्हटलं, "लॉगमध्ये माझं नाव दाखव." तू माझ्याकडे बघितलंस आणि गप्प झालास. लोकांना वाटलं तू निरुत्तर झालास. मलाही तसंच वाटून घ्यायचं होतं. मग मी तुझा टायमरचा एक बिचारा बदल दोषी ठरवून काढून टाकला, डबा रोज पहाटे आपोआप बंद-चालू व्हायची सोय केली, आणि दुखणं गेलं. रोज पहाटे साचलेलं रिकामं व्हायचं म्हणून गेलं. मी रिपोर्टमध्ये लिहिलं, दोष सापडला, दूर केला.

मला आठवत होतं का, हे तू विचारशील. मी बसले होते हे आठवत होतं. काय लिहिलं ते आठवत नव्हतं, आणि मी बघितलं नाही. बघितलं असतं तर दिसलं असतं, म्हणून बघितलं नाही. झोपलेल्याला जागं करता येतं, झोपेचं सोंग घेतलेल्याला नाही. ते सोंग मी तीन वर्षं वठवलं.

मला भीती वाटली होती. आपल्या वस्तीतून एवढ्या मोठ्या कामाची प्रमुख झालेली पहिली बाई मी. चूक माझ्या नावावर लागली असती तर म्हणणारे तयारच होते, बघा, खुर्चीवर बसवलं की असं होतं. तू धाकटा, तुझ्या नावावर लागली तर "पोरगा आहे, चुकला" एवढ्यावर भागेल, असं मी मनाला समजावलं. भागलं नाही. पुण्याच्या एका कंपनीतून तुझ्याबद्दल मला फोन आला होता. तुला हे माहीत नाही. मी म्हटलं, "हुशार आहे, पण घाईत असतो." त्यांनी नंतर तुला बोलावलं नाही.

चुकले हा शब्द या सगळ्याला फार तोकडा आहे. तरी चुकले.

प्रज्ञा


जळगाव
३० नोव्हेंबर

प्रशील,

आई आली होती, तुला ठाऊक असेलच. पिशवीत ज्वारी-उडदाचं कळण्याचं पीठ, ठेचा आणि तुझं एक जुनं स्वेटर. स्वेटर का आणलं म्हटलं तर, "तुले थंडी वाजस." मी अठ्ठेचाळीस तास ते अंगातून काढलेलं नाही.

मी वांगी भाजत होते, ती ओट्याला टेकून बसली होती. मला राहवेना. मी तिला सांगितलं. कर्नल, पॅकेट काही नाही, एवढंच म्हटलं की आई, चूक प्रशीलची नव्हती, माझी होती.

ती वांग्याची साल काढत राहिली. मग म्हणाली, "माले माहीत शे. त्या दिन तू त्यानाच कॉम्प्युटरवर बठेल व्हती. मीच तुले चहा दिन्हा व्हता."

"मग तू तेव्हा का बोलली नाहीस?"

"कोनं नाव सांगू? दोन्ही मनाच लेकरं शेतस."

मला राग आला. तिचा नाही, पण तिच्यावरच निघाला. म्हटलं, तू तेव्हा एक शब्द बोलली असतीस तर त्याची तीन वर्षं वाचली असती. तिने हात पदराला पुसले. "अन् तू?" एवढंच विचारलं. मग आम्ही दोघी जेवलो. भरीत चांगलं झालं होतं, दोघीही त्याबद्दल बोललो नाही.

जाताना एसटीत बसवलं तर खिडकीतून म्हणाली, "माले सांगीसन काय व्हई? ज्यासले सांगानं शे त्यासले सांग." गाडी एरंडोलकडे लागली आणि मी स्टँडवर तशीच उभी राहिले. रिक्षावाला दोनदा विचारून गेला.

माझ्यासमोर दोन रस्ते आहेत, बघ. ओळ मी दुरुस्त केली आहे. मॉड्यूल चालतंय. जानेवारीत चाळीस डबे लागतील, माझं नाव होईल, आणि त्या ओळीबद्दल तू, मी आणि आई सोडून कोणाला काही कळणार नाही. चंदन सरांच्या कपाटातला रिपोर्ट तसाच राहील, तुझ्या नावानिशी. हा एक. दुसरा तुला कळतोच आहे. गेले दहा दिवस मी रोज सकाळी दुसरा रस्ता धरून निघते आणि ऑफिसच्या पायऱ्या चढेपर्यंत पहिल्यावर आलेली असते.

प्रज्ञा


जळगाव
१२ डिसेंबर

प्रशील,

सांगितलं. काल.

आधी चंदन सरांना एकट्यांना सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं, पेनचं टोपण काढलं, लावलं, काढलं. म्हणाले, "प्रज्ञा, कशाला उकरतेस? प्रशीलची काही तक्रार नाही. गिरधर हिंडतोफिरतो आहे. ऑर्डर निघून जाऊ दे, मग सावकाश बघू." माणूस वाईट नाही. हेच मी स्वतःला तीन वर्षं सांगत होते. फक्त त्यांच्या तोंडून ऐकलं तेव्हा ते किती घाण वाटतं ते कळलं. म्हटलं, "सर, त्याच खोलीत, त्याच लोकांसमोर सांगायचंय. नाहीतर मी लेखी देऊन निघते, मॉड्यूल तुमचं तुम्ही बसवा." मी चिडले होते. चिडले नसते तर बोलले नसते.

तीच खोली, तेच लांब टेबल. सातजण होते, कौतिकभाऊ फोनवर. मी उभी राहून तारीख, वेळ, ओळ सांगितली. लॅपटॉप प्रशीलचा होता, हात माझे होते, असं म्हटलं. मग फोनमधून कौतिकभाऊ म्हणाले, "मंग त्या पोराले तुम्ही काहून काढलं?" चंदन सर म्हणाले, त्याने स्वतः राजीनामा दिला. कौतिकभाऊ म्हणाले, "हं."

लॉगमधलं जुनं नाव बदलायचा मोह झाला होता. बदलता येतं, तुला माहीत आहे, पण मग त्यापुढची नोंदींची सगळी साखळीच बदलते आणि कधी काय झालं याचा पत्ताच राहत नाही. म्हणून जुन्याला हात लावला नाही. नवी नोंद टाकली, माझ्या नावाने, माझ्या मशीनवरून: "१४ एप्रिल २०२२, सायंकाळी ६:४०ची नोंद प्रशीलच्या नावावर दिसते. ती प्रज्ञाने केली. ९ मेचा अपघात या ओळीमुळे झाला." रिपोर्टही नवा लिहिला. दोन्हींच्या प्रती सोबत आहेत. पुण्याच्या कंपनीलाही एक पाठवली. ते काय करतील ठाऊक नाही. माझ्या तोंडाने घातलेली काडी माझ्या हाताने काढायची होती.

टीमची प्रमुख आता मी नाही. मॉड्यूल पूर्ण होईपर्यंत आहे, पुढचं पुढे. घरी आले आणि सगळ्यात आधी वाटलं तुला फोन लावावा. लावला. अजून ब्लॉकच आहे. ठीक आहे.

एक अडचण राहिली. पहिला डबा कौतिकभाऊंकडेच बसायचा आहे आणि ते अडून बसलेत. म्हणाले, "ताई, मले कागदातलं काही समजत नाई. गिरधर आत जायाले तयार असन त लावा तुमचा डबा. तो नाई म्हनला त नाई."

गिरधरला मी अपघातानंतर एकदाही भेटलेली नाही.

प्रज्ञा


जळगाव
२८ डिसेंबर

प्रशील,

काल मुक्ताईनगरला जाऊन आले. मंदिराच्या मागच्या गल्लीत गिरधर राहतो. तेव्हापासून तो चेंबरमध्ये गेलेला नाही. बागेत घड कापायला जातो, उघड्यावर. मनगट जुळलंय, पण वाकडं. घरात सगळी दारं उघडी होती, या थंडीत. बायको म्हणाली, दार लावलं की त्याला झोप लागत नाही.

मी नाव सांगितलं. वाटलं होतं ओरडेल. तो म्हणाला, "बसा. तुमचा भाऊ आलता."

मला वाटलं आत्ता, माझी पत्रं मिळाल्यावर आला असशील. तर नाही. "दवाखान्यातून सुटलो त्याच आठवड्यात आलता. इथंच बसला व्हता, तुम्ही बसल्या तिथं. मी इचारलं, कोनाची चूक? तो म्हने, आमची. मी म्हनलं, आमची म्हंजे कोनाची, नाव सांग. तो पुन्हा म्हने, आमची."

प्रशील, तेव्हा तुझ्याकडे तारीख होती, वेळ होती. त्याच आठवड्यात मी तुझ्या नावाचा रिपोर्ट सही करून दिला होता. आणि तू त्या माणसाच्या घरी बसून माझं नाव घेतलं नाहीस. मी रडले, त्यांच्याच घरात, त्यांच्यासमोर. गिरधरच्या बायकोने पाणी आणलं. ज्याला मी पाडलं त्याच्या घरचं पाणी पिऊन मी डोळे पुसले.

मग सांगितलं. नाव घेऊन, माझी चूक म्हणून. तो ऐकत होता आणि वाकडं मनगट दुसऱ्या हाताने चोळत होता. मी मॉड्यूलचं सांगितलं. आता नेटवर्क बिघडलं, काढलं, पार उपटून टाकलं तरी पंखा फिरतो, आणि पंखा थांबला तर दिवा त्याच क्षणी लाल होतो. तो म्हणाला, "तव्हाबी हिरवा व्हता."

"तुम्ही जासान का आत?" त्याने विचारलं. "दार लावून? अन् बाहेरून कोनी ते तुमचं काय म्हन्ता ते काढून घालन, तव्हा तुम्ही आत उभ्या राहासान का?"

मी हो म्हटलं. विचार न करता म्हटलं, आणि आज सकाळी विचार करून पुन्हा हो म्हटलं. रिकाम्या चेंबरमध्ये काही सिद्ध होत नाही, म्हणून केळी भरलेली असतील, पिकायला लावल्यापासून तिसऱ्या दिवसाची. गळ्यात हवेचा मीटर असेल, दाराच्या मुठीवर गिरधरचा हात असेल. पंखा आधी पूर्ण वेळ फिरेल, दिवा हिरवा होईल, मी आत जाईन, दार लागेल. मग बाहेर बसलेला माणूस नेटवर्क काढेल, दहा मिनिटं तसंच ठेवेल आणि नवं घालेल. मी चालत बाहेर आले तर गिरधर कामावर परत येईल. त्याला यायचंय. बागेतलं काम आता त्याच्या हाताला झेपत नाही.

मला भीती वाटतेय. गणित सगळं बरोबर आहे, चाळीस वेळा तपासलंय, तरी वाटतेय. गिरधरला त्या दिवशी भीती वाटायलाही वेळ मिळाला नसेल.

निघताना गिरधरने विचारलं, "बाहेर कॉम्प्युटरवर कोन बसन?"

मी तुझं नाव सांगितलं. तुला न विचारता पुन्हा एकदा तुझं नाव पुढे केलं. तोंडातून गेलं. तो म्हणाला, "तो असन त चालन," आणि आत जाऊन दार न लावता आडवा झाला.

या वेळी नाव खोडणं तुझ्या हातात आहे. नको असेल तर आईजवळ एक शब्द बोल, मी गिरधरला खरं सांगेन आणि चंदन सरांना बसवेन. ते एकेक अक्षर शोधून टाइप करतात, पण करतात. तू ये असं म्हणायचा हक्क माझ्याकडे राहिलेला नाही, म्हणून म्हणत नाही, फक्त कळवते. मंगळवार, ६ जानेवारी, सकाळी अकरा, कौतिकभाऊंचं तीन नंबरचं चेंबर. तू आलास किंवा नाही आलास तरी अकरा वाजता मी आत जाणार आहे. बाहेर कोण बसलंय हे दार लागल्यावर मला आतून दिसत नाही.

तुझी ताई